बोंबलून मोड

बाई काही बोलण्याआधी काहीतरी आपटायच्या. हातात टेस्टर असेल तर टेस्टर, पक्कड असेल तर पक्कड, काहीच नसेल तर तळहात. आमच्या आयटीआयच्या वीजतंत्री विभागातलं त्यांचं टेबल एका बाजूनं पार खड्डे खड्डे झालं होतं. आपटून झालं की मग शब्द यायचे. त्यातलं एक वाक्य तर शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. "मोडाचं असन तं बोंबलून मोड."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती समोर दिसली की आपण वाट बदलतो, आणि रजेवर गेली की दिवस जाता जात नाही. मी त्याच संस्थेत संगणक शिकवतो. आमच्या अभ्यासक्रमाला कोपा म्हणतात. बाईंनी पहिल्या दिवशी माझं नाव विचारलंच नाही. कोणता विषय शिकवतो एवढं विचारलं आणि शेवटपर्यंत मला कोपाच म्हटलं. कोप सगळा त्यांचा, नाव मात्र माझं.

एकदा एक जण शिडीवर चढून बोर्डाच्या तारा जोडत होता आणि खाली दुसऱ्या प्रशिक्षणार्थ्यानं कुणाला न सांगता मेन स्विच वर केला. शिडीवरचा खाली फेकला गेला, डोकं फुटलं, नशिबानं वाचला. बाईंनी स्विचवाल्याला अशी थोबाडीत ठेवली की त्याचा ओठ दातावर फाटला. मग त्याच रक्ताळलेल्या तोंडानं त्याला पटांगणात उभं केलं आणि "चालू करतो, हात काढा" असं शंभर वेळा ओरडायला लावलं. समोरच्या राइस मिलमधले हमाल पोती खाली ठेवून गेटवर बघायला आले. तो मुलगा आज लाइनमन आहे. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा तो आधी ओरडतो आणि मग लाइन चालू करतो. लोक हसतात, त्याला त्याचं काही वाटत नाही.

मारणं चूकच होतं, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. बाई म्हणाल्या की माहीत आहे.

त्यांचे वडील तुमसरकडच्या एका मँगनीजच्या खाणीत होते. सुरुंगाचा बार उडवण्याआधी लाल झेंडी घेऊन सगळीकडे फिरायचं, तीन शिट्ट्या मारायच्या आणि "बार हाये, हटा" म्हणून ओरडायचं, एवढंच त्यांचं काम. एके दिवशी ते तापानं घरी होते. बदलीच्या माणसाला जेवायची घाई होती. त्यानं शिट्टी न मारताच बार लावू दिला. खाली दगड वेचणाऱ्या बायका होत्या आणि त्यांच्यात बाईंची मावशी होती. बाई तेव्हा दहा वर्षांच्या, मावशीचा डबा घेऊन निघाल्या होत्या. मावशीचा एक पाय चपलेसकट बाभळीखाली पडलेला त्यांनी पाहिला. हा एकच किस्सा त्यांनी मला काहीही न आपटता सांगितला, सोल्डरिंग करता करता, वर न बघता.

आता झटका मशीनबद्दल सांगायला हवं. करडी, आंधळगाव या बाजूला धान पोटरीत आला, लोंबी बाहेर पडायला आली, की जंगलातून रानडुकरं उतरतात. एक कळप बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, शिरला की सकाळी तिथं नुसता चिखल उरतो, आणि आडवं गेलं तर डुक्कर माणसाची मांडी फाडतं. म्हणून काही लोक बांधावर तारा ताणून त्यात थेट खांबावरची वीज सोडायचे. त्यानं डुकरं मरायची, आणि माणसंही. झटका मशीन म्हणजे त्यावरचा शहाणा उपाय. बॅटरीवर चालणारी एक पेटी, ती तारेत सेकंदाला एक अगदी छोटा झटका सोडते. डुक्कर किंचाळून पळतं, मरत नाही. माणूस शिवी देतो, पण घरी येतो.

बाजारातल्या मशीन महाग, म्हणून बाईंनी स्वतः एक स्वस्त मशीन तयार केली. आत एक छोटा बोर्ड आणि त्यावर चालणारा त्यांचा प्रोग्राम. प्रोग्राम त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही न्यावा, त्यावर आपलं काही जोडावं, आपली मशीन बनवावी. नेणाऱ्यानं विचारायची गरज नाही, त्यामुळे कोण कोण वापरतं हे बाईंनाही माहीत नसायचं. मध्येच बालाघाटहून फोन यायचा, मध्येच आफ्रिकेतल्या कुणाचं पत्र यायचं की आमच्याकडे हत्ती आहेत, जमेल का. बाई टेबलावर पक्कड आपटून म्हणायच्या की हत्तीला नमस्कार सांग.

अशा प्रोग्रामच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला तीन आकडे असतात. बाईंनी त्यांची नावं ठेवली होती: मोड, जोड आणि डागडुजी. बारीक दोष काढला तर शेवटचा आकडा वाढवायचा, ती डागडुजी. नवीन सोय दिली तर मधला, ती जोड. आणि ज्यानं लोकांचं चालू काम बिघडेल असा बदल केला तर पहिला. तो मोड. डागडुजी लोक डोळे मिटून घेतात, म्हणून तिच्यात मोड लपवायचा नाही, हा बाईंच्या घरचा कायदा होता.

मोड करायचाच असेल तर मुदत द्यायची, आणि ती महिन्यांत मोजायची नाही. एक खरीप, एक उन्हाळी, असे धानाचे दोन हंगाम. तेवढा काळ जुनं तसंच चालू ठेवायचं. फक्त मशीन सुरू करताना पेटीतला भोंगा तीनदा बोंबलायचा की हे पुढं मोडणार आहे, बदलून घ्या. कारण धान उभा असताना कुणी पेटीला हात लावत नाही. कापणी झाली की ती घरी येते, पुसली जाते, मिस्त्रीला दाखवली जाते. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या एका इंजिनिअरनं त्यांना इंग्रजीत सुनावलं की जगात सगळे महिन्यांत मुदत देतात. बाईंनी मला उत्तर टाइप करायला बसवलं. "त्याले लिव, डुक्कर कॅलेंडर पाहून येत नाई."

आता माझ्याकडे येतो. दोन वर्षं त्यांच्यासोबत काम केल्यावर बाईंनी मला त्या प्रोग्रामची किल्ली दिली होती. म्हणजे बदल स्वीकारण्याचा आणि नवी आवृत्ती सोडण्याचा अधिकार.

त्यांच्या प्रोग्राममध्ये झटक्याला दोन आकडे द्यावे लागत. पहिला थांबण्याचा, दुसरा मारण्याचा. हजार आणि एक, म्हणजे हजार क्षण थांब आणि एक क्षण मार. बाईंचा क्षण म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. ज्या बाईला मी आयुष्यात कधी मारण्याआधी थांबताना पाहिलं नाही, तिच्या प्रोग्राममध्ये मात्र थांबणं आधी होतं. हे मी एकदा त्यांना म्हणालोही. त्या हसल्या होत्या, आणि ते फार क्वचित व्हायचं.

परदेशातल्या एका माणसानं सुचवलं होतं की सगळीकडे आधी चालू आणि मग बंद असं लिहितात, तुमचं उलटं आहे, मी बदल करून पाठवलाय. बाईंनी नाही म्हटलं नव्हतं. उन्हाळी निघाल्यावर मोड म्हणून करू, असं त्याला कळवलं होतं. तेवढ्यात त्यांचे वडील गेले. खाणीच्या धुळीनं फुप्फुसं दगड झाली होती. बाई तेराव्यापर्यंत गावी राहणार होत्या. ऑक्टोबरचे दिवस, धान उभा.

आणि मला मदत करायची हुक्की आली. त्या माणसाचा बदल मी उघडला, चाचण्या चालवल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. हिरव्या असणारच, कारण त्यानं आकडे उलटे केले होते तसे चाचण्यांमधलेही उलटे केले होते. मला तो किरकोळ बदल वाटला. दोन आकड्यांची जागा तर बदलली. मी तो स्वीकारला आणि शेवटचा आकडा वाढवून सोडून दिला. डागडुजी म्हणून. भोंगा नाही, मुदत नाही, एक ओळ नाही. वर चहा प्यायला गेलो.

आंधळगावचा एक मिस्त्री बाईंचाच प्रोग्राम वापरून मशीन बनवायचा. बाई सगळ्यांना बजावायच्या की आवृत्तीचा आकडा पक्का लिहून ठेवा, दावणीला बांधा. त्यानं बांधला नव्हता. डागडुजी आली की पुढच्या नव्या पेटीत ती आपोआप घेतली जाईल असं ठेवलं होतं, कारण बाईंच्या डागडुजीवर त्याचा विश्वास होता. त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या आठवड्यात त्यानं पाच मशीन बनवल्या. पाचही मशीनमध्ये जुने आकडे होते, हजार आणि एक. पण आता त्यांचा अर्थ झाला होता, हजार क्षण मार आणि एक क्षण थांब.

पहिली मशीन करडीत लागली. सकाळी मालक बांधावर गेला तर तारेला एक डुक्कर चिकटून मेलेलं, केस जळून वास सुटलेला. झटका मशीननं डुक्कर मरत नाही. त्याला वाटलं, दुसऱ्याच कशानं मेलं असेल. त्यानं डुकराचा पाय धरून ओढला. हात तिथंच आवळला गेला. सुटायला जागा देणारा तो थांबच नव्हता. त्याची बायको मागून येत होती. तिनं बैलगाडीची लाकडी उभारी उचलली आणि नवऱ्याच्या हातावर घातली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा हाड मोडलं तेव्हा हात सुटला. तो वाचला. उजवा हात मात्र कोपरापासून खाली कामातून गेला.

मिस्त्रीचा मला फोन आला तेव्हा बाईंच्या घरी दहावा होता. मी बाईंना फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडून काहीतरी आपटल्याचा आवाज येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. आवाज आला नाही. "गाडी घेऊन ये," एवढंच म्हणाल्या.

आधी त्यांनी तिथंच बसून माझा बदल उलटवला आणि नवी आवृत्ती सोडली. पण शेतात लागलेल्या पेट्या स्वतःहून काही शिकत नाहीत. उरलेल्या चार बंद करायला प्रत्यक्ष जाणं भाग होतं. बाई मोटरसायकलवर माझ्या मागे बसल्या. एका हातात वडिलांची लाल झेंडी, गळ्यात त्यांची शिट्टी, मांडीवर कुऱ्हाड. पांढऱ्या लुगड्यावर पायात रबरी गमबूट. रस्त्यात लोक थांबून बघत होते.

प्रत्येक गावात शिरताना त्या तीन शिट्ट्या मारायच्या आणि ओरडायच्या की झटका मशीन बंद करा, तारेला हात लावू नका. तीन पेट्या तशाच बंद झाल्या. एका ठिकाणी मेलेला कुत्रा तारेखाली पडला होता. घरातली म्हातारी त्याच्याशेजारी बसून होती, तारेपासून हातभर अंतरावर. बाईंनी तिला दंडाला धरून अक्षरशः फरफटत बाजूला काढलं. म्हातारीनं शिव्या घातल्या, बाईंनीही घातल्या.

पाचवी मशीन जंगलाला लागून. तिचा मालक दारातच उभा होता आणि खूश होता. आधी दोन रात्री डुकरांनी त्याची अर्धी बांधी लोळवली होती, आता तीन मेलेली पडली होती. इतकी मस्त मशीन आपण पाहिली नाही, म्हणाला. बंद करायला साफ नकार. पेटी घरात, घराला कुलूप, किल्ली कमरेला. त्याचा भाऊ तिकडे बांधावरून चालत येत होता. बाईंनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा कुऱ्हाडीचा दांडा कोरडा आहे का ते हात फिरवून पाहिलं आणि ताणलेल्या तारेवर घाव घातला. ठिणग्या उडाल्या. तार तुटून सापासारखी मागे आली आणि तिनं माझ्या गाडीचा आरसा फोडला.

मालक लाठी घेऊन धावला. पण मारण्याआधी त्यानं विचारलं, एवढं मात्र खरं. "मशीन बिघडवली कोनं?"

मी बाईंपासून दोन हातांवर उभा होतो. गाडीची किल्ली मुठीत रुतत होती. मला बोलायला भरपूर वेळ होता.

"म्या," बाई म्हणाल्या.

लाठी त्यांच्या डाव्या कानावर बसली. आवाज अजून माझ्या डोक्यात आहे, ओलं लाकूड फुटल्यासारखा. त्या बसल्या नाहीत. कानातून रक्त येत असताना त्यांनी दुसरी तार तोडली आणि मग त्या बसल्या.

त्या कानानं त्यांना पुन्हा कधी ऐकू आलं नाही. पोलिसांना जबाब देताना त्यांनी प्रोग्राम आपला, चूक आपली, असंच लिहून दिलं. संस्थेनं त्यांना घरी बसवलं. मी भेटायला गेलो. प्रोग्रामच्या नोंदींमध्ये तो बदल कुणी स्वीकारला ते माझ्या नावानं लिहिलेलं आहे, जगात कुणालाही दिसतं, मी काही लपवलं नाही, असं काहीबाही मी बोललो. आजही ते नाव तिथं आहे. पण करडीत ते कोण उघडून बघणार?

बाईंनी उजवा कान माझ्याकडे केला होता. "लिवलेलं कोनी वाचत नाई, कोपा. बोंबलाव लागते."

नोकरी जाईल, करडीचे लोक मारतील, हे सगळं माझ्या तोंडावर लिहिलेलं असावं. मग त्या जे म्हणाल्या ते मला अजून नीट पेलत नाही. "हा खरीप अन् येनारा उन्हाळी. तेवढी मुदत देतो तुले. तवापर्यंत माह्यावर चालू दे."

म्हणजे जुनं नाव चालू ठेवलं त्यांनी. मी सांगेपर्यंत माझा मोड स्वतःच्या अंगावर घेतला. आणि तुम्हाला खोटं का सांगू, मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं. मी घरी जाऊन पोटभर जेवलो.

फेब्रुवारीत त्या परत रुजू झाल्या. आपटणं कमी झालं होतं. आपलाच आवाज अर्धा ऐकू येत असेल तर आपटण्यात मजा राहत नसावी. मला त्यांनी एकदाही आठवण करून दिली नाही. फक्त एप्रिलमध्ये एक दिवस खिडकीतून बघत म्हणाल्या की उन्हाळी धान भरत आला.

त्यानंतर आठ दिवसांनी, दुपारी, समोरच्या राइस मिलमधून तांदळाचा ट्रक मागे घेत होते. मागे बघणारा माणूस नव्हता, हॉर्न दिला नाही. ट्रक डावीकडून आला. बाई रस्ता ओलांडत होत्या. हमाल ओरडले, आम्ही गेटमधून ओरडलो, सगळे एकाच वेळी बोंबललो. पण तो आवाज मागून आणि डावीकडून होता. त्यांना तो उजव्या कानातच ऐकू आला, आणि त्यांनी उजवीकडे मान वळवली.

मी पोचलो तेव्हा चाकाखालून तांदूळ सांडत होता. पुढचं मी लिहीत नाही.

शोकसभा कार्यशाळेतच घेतली. प्राचार्य बोलले, मिलवाले बोलले. करडीचा तो माणूसही आला होता, उजवा हात गळ्यात अडकवलेला, शेजारी बायको. कुणीतरी भाषणात म्हणालं की बाईंच्या हातून एक मोठी चूक झाली, पण आज तिला विसरून जाऊ. लोकांनी माना हलवल्या. त्या करडीच्या माणसानंही हलवली.

बाईंची शिट्टी त्यांच्या टेबलाच्या खणात होती. मी उठलो, खण उघडला आणि तीन शिट्ट्या मारल्या. बंद खोलीत तो आवाज भयंकर झाला. खाणीच्या बाजूचा आमचा म्हातारा शिपाई डोक्यावर दोन्ही हात घेऊन टेबलाखाली गेला. लोक ओरडले, कुणी मला धरायला आलं. मी जेवढा मोठा आवाज निघेल तेवढ्यानं सांगितलं की करडीचा झटका मी उलटा केला होता. बाईंनी नाही. बाई तेव्हा बापाच्या सुतकात होत्या.

करडीचा माणूस उठून माझ्यापर्यंत आला. त्याला यायला वेळ लागला, मधे खुर्च्या होत्या. डाव्या हातानं त्यानं माझ्या कानशिलात मारली. सवय नसलेल्या हाताची, तरी मी भिंतीवर गेलो आणि तोंडात रक्ताची चव आली. दुसरी मारायला त्यानं हात उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"मंग बाईनं काहून नाई सांगतलं?"

मी सांगितलं की त्यांनी मला मुदत दिली होती. एक खरीप, एक उन्हाळी.

त्याचा हात हळूहळू खाली आला. खिडकीबाहेर, संस्थेच्या कुंपणापलीकडे कुणाची तरी बांधी होती. त्यानं तिकडे बघितलं.

"उन्हाळी धान तं अजून उभाच हाये," तो म्हणाला, आणि बायकोशेजारी जाऊन बसला.